हंडाचोराचा सिनेमा

"शुक्रवारी संध्याकाळी ऑर्विल टटल अख्ख्या गावासमोर चोर ठरणार," माझा नवरा एल्डन म्हणाला, "आणि तोही पडद्यावर. आठ फूट उंच!"

हे तो पहिल्यांदा न्हाव्याकडे म्हणाला. तिथे दाद मिळाली म्हणून बँकेत म्हणाला, मग चर्चच्या पायऱ्यांवर, मग दाताच्या डॉक्टरकडे, तोंडात कापूस असताना. शुक्रवारी दुपारपर्यंत टॅलीविलमध्ये एकही माणूस असा उरला नव्हता, ज्याला संध्याकाळी सिनेमात काय दिसणार ते माहीत नव्हतं. काय दिसणार ते फक्त सिनेमालाच माहीत होतं, आणि तो अजून डब्यात होता.

चोरी हंड्याची. आमचं टॅलीविल नदीच्या या काठाला, प्रिंगल त्या काठाला. दोन्हीकडे एकेक कॉलेज, दोन्ही कॉलेजांत शिकण्यासारखं फार काही नाही, त्यामुळे फुटबॉल जोरात. दर हिवाळ्याच्या तोंडाशी दोघांचा सामना होतो. पूर्वी जिंकणाऱ्याला एक लोखंडी हंडा मिळायचा, तीन पायांचा, कुणा आजीबाईनं त्यात सफरचंदाचा मुरंबा शिजवलेला. शेवटचा टचडाउन ज्या पोराचा, त्याच्या घरी तो हंडा वर्षभर राहणार, अशी रीत होती. एक्केचाळीसच्या सामन्यात गुडघाभर चिखलातून चेंडू घेऊन रेषेपार गेला तो एल्डन स्पूनर. एकोणीस-सहा. त्या चिखलाचं वर्णन मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. दरवर्षी तो चार बोटं खोल होतो.

हंडा स्पूनरांच्या मागच्या ओसरीवर आला. पुढच्या शरद ऋतूत, सामना तोंडावर असताना, एल्डन त्याला रंगाचा नवा हात द्यायला गेला तर ओसरीवर हंडा नाही. त्या आठवड्यात घरी बाहेरचा माणूस एकच जेवायला आला होता, तो म्हणजे ऑर्विल टटल. शिकलेला प्रिंगलमध्ये, खेळलेला प्रिंगलकडून, आणि एल्डनच्या बहिणीचा, ओडेसाचा, नवाकोरा नवरा.

खटला स्वयंपाकघरातच चालला. एल्डन म्हणाला, हंडा आणून ठेव, नाहीतर या घरात पाय ठेवू नकोस. ऑर्विल म्हणाला, नेलाच नाही तर आणू कुठून? ओडेसा म्हणाली, माझ्या नवऱ्याला चोर म्हणणार असशील तर मीही येणार नाही. एल्डन म्हणाला, नको येऊस.

आणि ती खरंच आली नाही. त्यानंतर दोघंही युद्धावर गेले, एक पॅसिफिकात, एक इटलीत, दोघंही धडधाकट परत आले, आणि भांडण जिथे ठेवून गेले होते तिथूनच त्यांनी ते उचललं. मी लग्न करून या घरात आले तेव्हा ते चार वर्षांचं होतं, चांगलं बाळसं धरलेलं. ओडेसा आमच्या लग्नाला आली नाही. सासूबाई गेल्या तेव्हा आली, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली आणि नंतरच्या कॉफीला थांबली नाही. पुलापलीकडे राहते ती. तिच्या ओसरीवरून आमच्या चर्चचा कळस दिसतो.

गावानंही हातभार लावला. टॅलीविलच्या नव्या विद्यार्थ्यांनी सामन्याच्या आठवड्यात प्रिंगलला जाऊन ऑर्विलच्या मागच्या वाडीत हंड्यासाठी खणायचं, अशी प्रथाच पडली. गुप्तधनाचा हंडा शोधावा तसं खणायचे. पहिली दोन-तीन वर्षं ऑर्विल कुत्रा सोडायचा. मग एकदा त्यानं उन्हाळ्यात बघितलं, की खणलेल्या भागातले बटाटे मुठीएवढे झालेत आणि न खणलेल्या भागातले गोट्यांएवढे. तेव्हापासून तो कुंपणाला फावडी टेकवून ठेवायचा, आणि ओडेसा वर डोनट ठेवायची. एका वर्षी त्यानंच बातमी सोडली, की हंडा कोठाराच्या मागे फार खोल पुरलाय. पोरांनी उभा माणूस मावेल एवढा खड्डा केला. त्या खड्ड्यावर ऑर्विलनं संडास बांधला.

एल्डनला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "बघा! पुरावा लपवायला वर काय बांधलं!"

आता सिनेमाचं. बेचाळीसच्या ऑक्टोबरात बातमीपटवाले आमच्या गावात आले होते. युद्धकाळातलं अमेरिकेतलं साधं गाव कसं जगतंय ते दाखवायला. थिएटरात त्यातलं जेमतेम मिनिटभर लागलं, बाकीचं न्यूयॉर्कच्या कुठल्याशा संग्रहात पडून राहिलं. यंदा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला ते मागवायचं ठरलं, आणि मेळाव्याचा अध्यक्ष अर्थातच एल्डन. संग्रहातल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी शेजारी बटाटे सोलत होते.

"हंडा?" एल्डन ओरडला. "हंडा दिसतोय? लोखंडी? तीन पाय? आणि कोणी... कोण उचलून नेतंय?... पोटाशी धरून पळतंय? तरुण पोरगा? अंगात कॉलेजचा स्वेटर?" तो माझ्याकडे बघून हवेत मुठी मारायला लागला. "बाई, स्वेटरवर अक्षर कुठलं आहे? टी की पी?... दिसत नाही? हंड्याच्या मागे आहे? पुढचं अजून बघितलं नाही?"

फोन ठेवून तो खुर्चीत बसला आणि डोळे पुसले. खरंच पुसले.

"व्हर्ना, त्यानं अक्षरसुद्धा लपवलंय. सराईत चोर आहे."

"तू आधी बघून तरी घे," मी म्हणाले.

"मुळीच नाही! मी आधी बघितला तर प्रिंगलवाले म्हणतील, कापाकापी केली. डबा सीलबंद येईल. पाद्री व्हिटकॉम्ब तो सगळ्यांसमोर उघडतील आणि तेच मशीन चालवतील. पाद्र्यावर तर कोणी शंका घेणार नाही ना?"

मग तो जरा मऊ पडला. म्हणाला, "त्यानं सगळ्यांसमोर एकदा 'चुकलो' म्हणावं. बास. त्याच दिवशी दोघांना थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचं आमंत्रण देतो. टर्कीची तंगडी ऑर्विलला. ओडेसाला तिची जुनी खुर्ची."

मला चोर नको होता, मला नणंद हवी होती. ती खुर्ची मी दर शनिवारी पुसते, म्हणून मला माहीत आहे तिच्यावर किती धूळ बसते. म्हणून ऑर्विलला बोलवायला पुलापलीकडे मी गेले.

ऑर्विल ओसरीवर सफरचंदं निवडत होता. मी सगळं सांगितलं. 

"म्हणजे मी हंडा पोटाशी धरून पळतोय."

"असं त्या बाई म्हणाल्या."

"आणि कॅमेऱ्यासमोरून?"

"हो."

"काय पण चोर," ऑर्विल म्हणाला. "अगं ओडेसा, माझा चांगला कोट कुठाय?"

ओडेसा जाळीच्या दारात उभी होती. पीठ भरलेले हात कोपरापर्यंत. "तू जायचं नाहीस. एल्डनला लोक टाळ्या वाजवणार आणि तुला हुसकावणार. मी ते एकदा बघितलंय, पुन्हा बघणार नाही."

"मला जायचंय, बाई. मी हंडा कसा नेला ते मलाच माहीत नाही. एवढ्या वर्षांनी कळेल तरी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "जेवण काय आहे?"

"चिकनची पाई, कोबीचं सॅलड आणि शेवटी भोपळ्याची गोड पाई."

"ये ना ओडेसा. पोटभर जेवून चोर ठरू."

शुक्रवारी व्यायामशाळेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. एल्डननं प्रिंगलच्या पाहुण्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, म्हणजे त्यांना मान खाली घालायला आडोसा मिळू नये. ऑर्विल आणि ओडेसा बरोबर मधोमध. त्यांच्या मागच्या खुर्चीवर मी. एल्डननं त्याचा जुना कॉलेजचा स्वेटर घातला होता. तो त्याला आता बेंबीपर्यंतच पुरत होता, पण अक्षर ताणून मोठं झाल्यामुळे लांबूनही वाचता येत होतं.

सिनेमाआधी त्यानं भाषण केलं. हंड्याचं वर्णन केलं. "पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगात एकोणीस-सहा. रंग मीच दिलेला, नवाचं शेपूट लांब झालेलं. आणि एका पायाचा टवका उडालेला." हे गावात सगळ्यांना पाठ आहे. शाळेतली पोरं प्रार्थनेच्या आधी शिकतात. हॉलनं त्याच्याबरोबर सुरात म्हटलं, "आणि एका पायाचा टवका उडालेला!"

मग त्यानं पाद्र्यांना हुकूम सोडला. "पाद्रीबाबा, हंडा दिसला रे दिसला, की मशीन थांबवायचं. चित्र तसंच ठेवायचं. मी सांगेपर्यंत हलवायचं नाही."

"दिव्यासमोर फिल्म जळेल," पाद्री व्हिटकॉम्ब म्हणाले. त्यांना मिशनऱ्यांच्या फिल्मा दाखवून अनुभव होता.

"जळू दे थोडं! न्यायाला वेळ लागतो."

दिवे गेले. मशीन कुरकुरायला लागलं.

आणि पडद्यावर आमचं गाव आलं. आवाज नाही, नुसती चित्रं. साखरेची रांग. पाठमोऱ्या बायका, मग एकेक वळली, आणि हॉलमधून "अगं ही तर—" आणि मग शांतता, कारण ही तर आता नाही. दोन पोरी बाकावर बसून एकमेकींच्या पोटऱ्यांवर पेन्सिलीनं मोज्यांच्या शिवणीसारखी रेघ काढताना. मोजे मिळायचे नाहीत ना तेव्हा. हवाई हल्ल्याची रंगीत तालीम, ओहायोत, जिथे शत्रूचं विमान यायचं तर वाटेत तीनदा थांबून रस्ता विचारावा लागेल. तेव्हाचे महापौर डोक्यावर शिरस्त्राण घालून वाळूची बादली घेऊन धावले आणि घोड्यांच्या पाण्याच्या टाकीत पडले. सगळा हॉल हसला, प्रिंगलवालेसुद्धा. महापौर बाहेर आले, कॅमेऱ्याला सलाम ठोकला.

मग फुटबॉल. सराव चालू होता, पण पोरं सगळी भरतीला गेलेली, म्हणून मैदानावर जेमतेम एक संघ आणि समोर उभा केलेला बँड. एल्डन आला. एकवीस वर्षांचा, दाट केस, कमरेला चरबी नाही. आधीच्या वर्षीचा तो टचडाउन बातमीपटवाल्यांनी त्याला पुन्हा करून दाखवायला लावला होता. तो चेंडू घेऊन पळाला, सनईवाल्याला चुकवलं, झांजवाल्याला चुकवलं आणि ढोलावर आपटला. पुन्हा केला. या वेळी चेंडू त्याच्या हातात नव्हताच, ते त्याला रेषेपार गेल्यावर कळलं. तिसऱ्यांदा जमलं. हॉल टाळ्यांनी दणाणला. खरं सांगते, मीसुद्धा वाजवल्या. देखणा होता हो.

"ढोल तिथे ठेवायलाच नको होता," अंधारातून एल्डनचा आवाज आला.

मग पाटी आली. युद्धासाठी भंगार. आमच्या आळीतून एक सपाट गाडी चाललेली, तिच्यावर पलंग, इस्त्र्या, कुंपणाचे गज, एका तोफेचं तोंड. घराघरातून लोक लोखंड आणून टाकताहेत. कॅमेरा वळला. स्पूनरांचं घर. फाटक. मागच्या ओसरीच्या बाजूनं कोणीतरी पळत येतंय, पोटाशी हंडा धरून. हंड्यावर गोणपाट टाकलेलं. मान हंड्यावर झुकलेली, चेहरा दिसत नाही.

"थांबवा!" एल्डन गरजला.

पाद्र्यांनी थांबवलं.

"प्रिय मित्रांनो," एल्डन उठून पडद्याच्या शेजारी गेला. हातात बिलियर्डची काठी होती, दाखवायला आणलेली. "नीट बघा. हा चोर. दिवसाढवळ्या. माझ्या आईच्या ओसरीवरून. ऑर्विल, तुला काही बोलायचंय? अजूनही वेळ गेलेली नाही."

ऑर्विल डोळे बारीक करून बघत होता. "चेहरा दिसत नाही रे."

"दिसेल! दिसेल! पाद्रीबाबा, चालवा. हळूहळू."

पाद्र्यांनी चालवलं. पडद्यावरचा पोरगा दोन पावलं पुढे आला. गोणपाट घसरलं. पांढरं एकोणीस-सहा, लांब शेपटीचा नऊ. एका पायाचा टवका उडालेला. मग पोरानं हंडा काखेत घेतला, मान वर केली आणि कॅमेऱ्याकडे बघून बत्तीस दात दाखवत हात हलवला.

"थांबवा," एल्डन म्हणाला. या वेळी फार हळू.

पण हुकूम तो हुकूम. पाद्र्यांनी थांबवलं. पडद्यावर आठ फूट उंच एल्डन स्पूनर, काखेत हंडा, स्वेटरवर टी, आणि त्याच्या शेजारी खाली उभा एल्डन स्पूनर, स्वेटरवर टी, हातात बिलियर्डची काठी, नेमकी पडद्यावरच्या त्याच्याच नाकावर टेकलेली.

 मला वाटलं, खुर्चीसकट जमिनीत जावं. गालांना आच लागली होती, चुलीपुढे बसल्यासारखी. पुढे ओडेसाची मान होती, ताठ, आणि तिच्या मानेवरचे पांढरे केस मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा जवळून बघत होते.

सगळ्यात आधी बोलला तो ऑर्विल. "छे छे, हंडे काय, सगळे सारखेच दिसतात," तो मोठ्यानं म्हणाला. "तेव्हा घरोघरी होते. हा दुसराच असणार."

त्यानं हे का केलं, ते मला कळलं, आणि माझी लाज दुप्पट झाली. चोर म्हणून बोलावलेला माणूस पोलिसाला पळायला खिडकी उघडून देत होता.

आणि एल्डननं त्या खिडकीवर झडप घातली! "बरोबर! शाबास ऑर्विल! हा साबणाचा हंडा. आईचा. आमच्याकडे दोन होते."

"एल्डन," मागून कोणीतरी म्हातारा म्हणाला, "साबणाच्या हंड्यावर एकोणीस-सहा कोण लिहितं?"

"नवाचं शेपूट लांब आहे," दुसरा म्हणाला.

"आणि एका पायाचा टवका उडालेला," हॉलचा मागचा भाग म्हणाला. मुद्दाम नाही. सवयीनं.

एल्डनला घाम फुटला होता. "बरं, धरून चला, की हा तो हंडा आहे. धरून चला! पण मग तो भंगाराच्या ढिगात कोणी ठेवला? हं? मी तर बिचारा ढीग उचलला. आदल्या रविवारी जेवायला कोण आलं होतं?"

"एल्डन, खाली बस," मी म्हणाले.

"नाही, एक प्रश्न विचारतोय—"

"जळतंय," पाद्री म्हणाले. पडद्यावरच्या एल्डनच्या कपाळावर तपकिरी फोड आला होता. त्यांनी घाईघाईनं मशीन सुरू केलं, आणि न्याय त्याच्या पायानं पुढे चालू लागला.

फाटकातून सासूबाई बाहेर आल्या. तरुण, ॲप्रन बांधलेल्या, हातात दुसरा हंडा, काळाकुट्ट, साबणाचा. त्यांनी तो खाली ठेवला. एल्डनची बाही धरून ओढली. त्याच्या काखेतल्या हंड्याकडे बोट दाखवलं, मान जोरजोरात हलवली, खालच्या हंड्याकडे बोट दाखवलं. तोंड चाललेलं होतं, आवाज नव्हता. आवाजाची गरजही नव्हती. एल्डननं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एका हातानं त्यांना बाजूला सारलं, कॅमेऱ्याकडे बघत, हसत. मग हंडा डोक्यावर उचलून गाडीवर फेकला आणि दंड फुगवून दाखवला. गाडी चालायला लागली. सासूबाई तिच्यामागे चार पावलं पळाल्या. मग थांबल्या, ॲप्रनला हात पुसले.

चित्र संपलं. पांढरा पडदा आणि फिल्मचं शेपूट चाकावर फटफट वाजत राहिलं.

ओडेसा उठली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई सांगायची," ती म्हणाली. "मला चर्चच्या दारात गाठून सांगायची. ओडी, त्यानं स्वतःच नेलाय गं, मी त्याला सांगते तर ऐकत नाही. तुला तिनं किती वेळा सांगितलं, एल्डन?"

एल्डन काठीकडे बघत होता.

"तू म्हणायचास, आईचा आता घोटाळा होतो. पंचेचाळीस वर्षांची होती रे ती तेव्हा. आताच्या तुझ्याहून लहान."

माझ्या नवऱ्यानं काठी भिंतीला टेकवली. ती पडली. त्यानं उचलली, पुन्हा टेकवली. मग ताठ मानेनं, जणू कोणीतरी फोनवर बोलावलंय अशा चालीनं, तो बाजूच्या दारातून निघून गेला.

ते बाहेर जायचं दार नव्हतं. ते कोठीचं होतं. आत भोपळ्याच्या पाई ठेवल्या होत्या. आणि सिनेमानंतर गोडाची वेळ असल्यामुळे, दिवे लागल्यावर बायका एकेक करून आत जायला लागल्या. आत एल्डन पिठाच्या पोत्यावर बसलेला. कोणी काही बोललं नाही. आमच्याकडची माणसं फार सभ्य आहेत, आणि सभ्यपणासारखी क्रूर गोष्ट नाही. "जरा सरक हं, एल्डन." "एल्डन, तुझ्या डोक्यावरची थाळी देतोस?" दिली त्यानं. गाव गोड खात होतं आणि तो आतून पाई पुरवत होता. शेवटच्या दोन ऑर्विल न्यायला आला.

"चिकन बरं होतं," ऑर्विल म्हणाला.

 "क्रीम त्या कपाटात आहे," एल्डन म्हणाला.

शनिवारी सामना झाला. मध्यंतरात प्रिंगलच्या बँडनं मैदानावर हंड्याचा आकार केला आणि त्यातून एक सनईवाला कॅमेऱ्याला हात हलवल्यासारखं करत पळाला. आम्ही घरीच होतो, पण आमच्या घरून टाळ्या ऐकू येतात.

संध्याकाळ झाली. मी म्हणाले, "थँक्सगिव्हिंगला चारच आठवडे उरलेत."

"ते आता कशाला येतील?"

"तू म्हणाला होतास, चोरानं सगळ्यांसमोर चुकलो म्हणावं, मग आमंत्रण."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची बाही धरून ओढतेय. पण या वेळी हात झटकला नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही गाडी काढली. पूल ओलांडेपर्यंत तो भाषणाची तयारी करत होता.

"हंड्याच्या संदर्भात जे काही घडलं—"

"घडलं नाही. तू केलंस."

"युद्धकाळातल्या देशभक्तीच्या भरात आमच्याकडून—"

"तुझ्याकडून."

"मला बोलू देशील का, बाई?"

"शुक्रवारी बोललास की."

ऑर्विलचं घर उताराच्या पायथ्याशी आहे. एल्डननं गाडी वरच्या वळणावर थांबवली आणि दोन्ही हातांनी चाक धरून बसला. खाली ओसरीवर दोघं दिसत होते. ऑर्विल पायातले बूट काढून पेपर वाचत होता, ओडेसा शेंगा सोलत होती. एल्डनचं तोंड पांढरं पडलं होतं. इतका घाबरलेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

"आत्ता गेलो नाही तर जाणार नाही," तो म्हणाला, आणि दार उघडून उतारावरून धावतच सुटला. मीही ओडेसासाठी केलेल्या केकची पेटी घेऊन उतरले आणि मागून पळाले. टोपी गाडीतच राहिली.

ओसरीच्या पायऱ्यांशी तो थांबला. धाप लागली होती, त्यामुळे भाषण झालंच नाही.

"ऑर्विल, हंडा मी नेला."

"पाहिलं आम्ही," ऑर्विल पेपर खाली घेत म्हणाला. "दंड छान होते तुझे."

ओडेसानं शेंग सोलली. "आणि?"

"आणि तुला चोर म्हणत राहिलो. सगळ्या गावाला म्हणायला लावलं. तुमची वाडी खणायला लावली."

"वाडीचं राहू दे," ऑर्विल म्हणाला. "ते मला सोयीचं होतं."

"आणि?" ओडेसा म्हणाली.

एल्डननं मान खाली घातली. त्या दाट केसांचं आता काही उरलेलं नाही, मागून सगळं टक्कल लाल झालेलं दिसत होतं. 

"आणि आई सांगत होती," तो म्हणाला. 

ओडेसानं शेंगांची टोपली उचलून मांडीवर घेतली. बाकावर तिच्या शेजारी जागा झाली.  एल्डन तिथे जाऊन बसला, शाळेतल्या मुलासारखा, गुडघ्यांवर हात ठेवून. मग त्यानं टोपलीतून एक शेंग घेतली आणि सोलायला लागला. उलट्या बाजूनं.

"थँक्सगिव्हिंगला या," मी म्हणाले, कारण तो ते विसरणार हे मला माहीत होतं. "तुझी खुर्ची आहे तिथेच आहे, ओडेसा."

"कोण शिजवणार?" ओडेसा म्हणाली.

"मी."

"मग येऊ."

ऑर्विल उठला, एल्डनशी हात मिळवायला पायऱ्यांच्या कडेशी आला, तसाच, बिनबुटाचा. एल्डनही उठला. तेवढ्यात ऑर्विलनं एल्डनच्या खांद्यावरून उताराकडे बघितलं आणि विचारलं, "गाडीत आणखी कोणी आहे का?"

कोणी नव्हतं. एल्डननं घाईत हँडब्रेक ओढला नव्हता. गाडी फाटकातून आत आली, ओसरीचा डावा खांब तिनं मुळासकट नेला, आणि छपराचा वासा खाली येऊन ऑर्विलच्या उजव्या पायाचा अंगठा मोडला.